ओनोरीनचा उजवा गुडघा

स्वयंपाकघराची फरशी अर्धी पुसून झाली होती आणि ओनोरीनचा उजवा गुडघा अडकला. दुखला नाही, मुरगळला नाही, नुसता अडकला; खाऱ्या हवेत गंजलेल्या बिजागरीसारखा. डावीकडची फरशी ओली आणि चकचकीत, उजवीकडे सकाळच्या माशांची खवलं तशीच पडलेली, आणि मधोमध ओनोरीन, दोन्ही गुडघ्यांवर, हातात फडकं. समोर बादली. बादलीच्या वर, भिंतीवर, मरियामातेची तसबीर.

तेवढ्यात तिचा नवरा अनातोल दारात आला. मासेमारी सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण इतरांनी जाळी कशी टाकावी हे सांगायला तो रोज सकाळी किनाऱ्यावर जायचा आणि या वेळेला भूक लागून परत यायचा. बायकोला तसबिरीसमोर गुडघे टेकलेली पाहून त्यानं टोपी काढली आणि पावलांचा आवाज न करता आल्या पावली मागे फिरला.

"आत जाऊ नकोस," बाहेर तो कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होता. "प्रार्थना चाललीय."

"या वेळेला?" बाहेरचा आवाज म्हणाला. "मग आहेच ती तशी."

तो आवाज शेजारच्या झेलियाचा होता. म्हणून तर ओनोरीनला हाक मारता येईना. मारली असती तर अनातोलबरोबर झेलियाही आत आली असती, आणि ओनोरीनचा गुडघा गेला ही बातमी दुपारच्या आत सगळ्या कोरोसोलभर झाली असती. कोरोसोल म्हणजे तरी केवढं, एका छोट्या फ्रेंच बेटावरचं गाव. एक उतार, एक किनारा, आणि त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. खिडकीतून झेलियाचा चेहरा डोकावला. तिनं आदरानं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि ती गेली. आयुष्यभर भाविक म्हणून नाव कमावलं की असं होतं. माणूस अडकून पडलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता गुडघ्यांवर आहोतच तर, म्हणून ओनोरीननं खरोखरच जपमाळ पुरी केली. त्यानंतर टेबलाचा पाय धरून, बादली पुढे ढकलत, कशीबशी ती उठली. उरलेली फरशी तिनं उभ्यानं, पायाखाली फडकं घेऊन पुसली. ती पुसली गेली असं म्हणवत नाही.

काळजी गुडघ्याची नव्हती. काळजी मेणबत्त्यांच्या सणाची होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्या दिवशी कोरोसोलमध्ये मरियामातेची पालखी निघते. वरच्या छोट्या देवळातून उतारानं खाली, किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत. पालखी चौघी बायका उचलतात. पुढचा उजवा दांडा ओनोरीनच्या आईचा होता, तिच्यानंतर तो ओनोरीनकडे आला, आणि तिच्या मनातून तो ओनोरीन मरेपर्यंत तिचाच राहायचा होता. पालखीच्या बाजूनं चालणारी झेलिया गेली कित्येक वर्षं ओनोरीनचा एखादा सांधा निखळायची वाट बघत होती. असं ओनोरीनला वाटायचं. झेलियानं तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण दर वर्षी मिरवणूक संपली की ती म्हणायची, "दमलीस गं यंदा," आणि त्या 'यंदा'त सगळं यायचं.

डॉक्टर नवा होता, फ्रान्सहून काही महिन्यांसाठी आलेला, उन्हानं लाल झालेला. त्यानं गुडघा वाकवून बघितला, कुरकुर ऐकली आणि म्हणाला, "कापाकापी काही नको. रोज सकाळी कमरेएवढ्या समुद्राच्या पाण्यात चाला. तुम्हाला काय अवघड आहे, तुम्ही तर समुद्रातच राहता."

ओनोरीन समुद्राशेजारी राहायची ते पोलीस चौकीशेजारी राहावं तशी. ओळख होती, जाणं नव्हतं. समुद्रात पुरुष जातात, मासे आणतात. बायका काठापर्यंत टोपलं घेऊन जातात आणि टोपलं भरलं की परत येतात. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली कोरोसोलची बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि पहिली आपण व्हावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. शिवाय कोरोसोलमधली प्रत्येक खिडकी समुद्राकडे उघडते. लोरियाँचा किनारा बरा होता, पण त्याच्यासमोरच कबरस्तान आहे आणि तिथे तिची सासू आहे. सासू जाऊन वीसेक वर्षं झाली असली तरी तिच्यासमोर भिजलेल्या झग्यात फिरायचं धाडस ओनोरीनमध्ये नव्हतं.

राहता राहिलं सँ-झाँ.

सँ-झाँच्या किनाऱ्यावर सगळ्या जगातले श्रीमंत येतात, कपडे काढतात आणि उन्हात पडून राहतात. मध्येच एखादं छोटं विमान त्यांच्या नाकावरून धावपट्टीवर उतरतं. जवळच गुस्ताव्हियाच्या बंदरात त्यांच्या याटी, चैनीच्या मोठ्या नौका, उभ्या असतात, एकेक याट देवळापेक्षा मोठी. ओनोरीननं तो किनारा शेवटचा पाहिला तेव्हा तिथे बकऱ्या चरत होत्या. तिनं विचार केला, तिथे आपलं कोण असणार? जिथे कुणाच्याच अंगावर काही नाही, तिथे आपल्या अंगावर काय आहे हे कोण बघत बसणार? पुष्कळ वर्षं घरात बसून विचार केला की विचार असेच होतात.

तिची सून मागाली सँ-झाँच्या एका हॉटेलात खोल्या आवरायला जायची. सकाळी तिच्या गाडीतून जायचं ठरलं.

"कुठे?" अनातोलनं विचारलं.

"लोरियाँला. थडगी साफ करायची आहेत."

हे खोटं होऊ नये म्हणून तिनं खरोखरच ते काम अंगावर घेतलं. आधी सँ-झाँला पाण्यात चालायचं, मग कुणाच्या तरी गाडीतून लोरियाँला जायचं, थडग्यांभोवतीची पांढरी वाळू चाळायची, शंख धुवायचे, कापडी फुलं झटकायची, आणि तोवर झगा वाळवून घरी यायचं. पहिल्या आठवड्यातच अनातोल म्हणाला, "तुझी मेलेली माणसं माझ्यापेक्षा स्वच्छ राहायला लागलीयत."

"तू जा, मग तुझंही बघेन."

"एवढं काय केलंय त्यांनी, रोज जायला?"

"काही बोलत नाहीत," ओनोरीन म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी ती सँ-झाँच्या वाळूवर उभी राहिली ती तपकिरी झगा, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं पोलकं आणि डोक्यावर आईचं पांढरं टोपडं घालून. कोरोसोलच्या बायकांचं ते जुनं टोपडं. कपाळावर छपरासारखं पुढे आलेलं. उन्हात झापांच्या टोप्या विणताना तिला त्याची सवय होती. हातात चपला, मनगटाला जपमाळ. तिची कल्पना होती की आपण कुणाच्या नजरेत येणार नाही. त्या अख्ख्या किनाऱ्यावर कपडे घातलेलं माणूस ती एकटीच होती, आणि एक म्हातारा गृहस्थ छायाचित्र काढायला उठूनही बसला होता.

मान खाली घालून ती पाण्यात शिरली. पाणी इतकं सुखाचं असतं हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. झगा फुगला, पाय हलके झाले, गुडघा जणू दुसऱ्याच कुणाचा झाला. हा आनंद आपला नाही, औषधाचा आहे, असं तिनं ताबडतोब स्वतःला बजावलं आणि सगळा गुडघ्याच्या नावावर टाकला. मग जपमाळ हातात घेतली. या टोकाच्या खडकापासून त्या टोकाच्या दोरीपर्यंत दहा 'नमो मरिया', वळायचं, पुन्हा दहा.

बाहेर आली तर समोर एक तरुण टॉवेल घेऊन उभा.

"मावशी, पुसून घ्या. गार लागेल."

तो यानिक होता. झेलियाचा मुलगा. किनाऱ्यावरच्या गाद्या घालायचं आणि छत्र्या उघडायचं काम त्याच्याकडे होतं. ओनोरीननं टॉवेल घेतला आणि हळूहळू मान वळवून सगळीकडे पाहिलं. बर्फ फोडत होता तो सूनबाईचा मामेभाऊ. काचा पुसत होती ती नात्यातली मुलगी, तिनं हातसुद्धा हलवला. होडी ओढणारा, पालापाचोळा झाडणारा, खानसाम्याशी भांडणारा, सगळे आपलेच. श्रीमंतांच्या किनाऱ्यावर लपायला आलेली ओनोरीन अख्ख्या कोरोसोलच्या मधोमध ओलीचिंब उभी होती. फक्त इथे ते पगारावर होते.

"यानिक," ती म्हणाली, "तुझ्या आईला काही सांगू नकोस."

"मावशी, मी आईला काहीच सांगत नाही. म्हणून तर आमच्या घरी शांतता आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून आले. गुडघ्यासाठी."

"मला कशाला सांगता? उद्या इकडच्या बाजूनं उतरा, तिकडे खडक आहेत. आणि चपला माझ्या छत्रीखाली ठेवत जा, नाहीतर कुणीतरी नेईल. हे लोक काहीही आठवण म्हणून नेतात."

तिला यानिकचा राग आला नाही याचाच तिला राग आला. झेलियाच्या मुलाचं ऋण डोक्यावर घेऊन ती घरी गेली आणि त्याच्यासाठी एक माळ जास्त म्हणाली, म्हणजे फिटलं.

गुडघा सुधारला, हे मात्र खरं. आठवडाभरात ती गुडघ्यांवर बसून उठायला लागली. फरशी पुन्हा नीट पुसली जाऊ लागली. अनातोलनं विचारलं, "कबरस्तानात काही औषध वाटतात काय?"

एके सकाळी पाण्यात तिच्या मागे कुणीतरी चालू लागलं. वळून पाहिलं तर चांदीसारख्या केसांची एक उंच बाई, अंगावर पोहण्याचा पोशाख आणि त्यावर कमरेला गुंडाळलेलं रेशमी फडकं. ओनोरीन वळली की ती वळायची. ओनोरीन थांबली की थांबायची. तिचं नाव बिर्गिट होतं आणि ती बंदरातल्या एका याटीवरून आली होती, हे यानिकनं नंतर सांगितलं.

"माझ्या मागे का येतेय ती?"

यानिक छत्री उघडण्यात एकदम फार गुंतला. "त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं, कोरोसोलचा जुना उपचार आहे. सांध्यांसाठी. कपडे घालून, गप्प राहून, वडीलधाऱ्या बाईच्या मागून चालायचं असतं."

"मूर्खा."

"मग काय सांगायचं होतं, तुम्ही माळ जपताय? त्यांना कळलं नसतं, मावशी. उपचार म्हटलं की कळतं."

दुसऱ्या दिवशी बिर्गिटबरोबर तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मग त्यांच्या ओळखीच्या. मग शेजारच्या गाद्यांवरच्या. कुणी नवऱ्याचा शर्ट घातलेला, कुणी टेबलावरचं कापड गुंडाळलेलं. एकीनं तर चक्क हॉटेलचा पडदा आणला होता आणि त्याच्या कड्या पाण्यात खुळखुळत होत्या. सगळ्या गप्प. ओनोरीन पुढे, टोपडं घालून, ओठांतल्या ओठांत 'नमो मरिया' म्हणत; मागे ती लांबलचक रांग, तिच्याबरोबर वळणारी. दहा संपले की ओनोरीन 'पित्याला गौरव' म्हणताना मान झुकवायची, तर मागे सगळ्या माना झुकायच्या. हॉटेलनं रांगेच्या दोन्ही टोकांना थंड पाण्याचे पेले ठेवायला सुरुवात केली.

आपण त्यांना थांबवायला हवं होतं, हे ओनोरीनला पहिल्या दिवशीच कळत होतं. पण काय म्हणून? समुद्र काही तिचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, पाठीचा कणा जरा ताठ ठेवून चालायची इच्छा तिला व्हायला लागली होती. घरून निघताना ती टोपड्याला खळ लावायला लागली. पाण्यात घालायच्या टोपड्याला खळ! कुठे वळायचं ते हातानं दाखवायला लागली. एकदा एक जाडी बाई ओळ मोडून पुढे आली तर ओनोरीननं तिच्याकडे अशी नजर टाकली की ती बाई माफी मागत पुन्हा मागे गेली. त्या दिवशी पाण्यातून बाहेर येताना तिच्या लक्षात आलं, शेवटच्या तीन फेऱ्यांत तिनं एकही 'नमो मरिया' म्हटलेली नव्हती. ती मागच्या बायका मोजत होती.

लोरियाँला जाऊन तिनं त्या दिवशी सासूचं थडगं दोनदा धुतलं. सासूला असल्या गोष्टी ताबडतोब कळायच्या.

सणाच्या आदल्या आठवड्यात झेलिया आली. यानिकचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला. झेलियानं सँ-झाँला मुलाचा डबा पोचवल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ती काठावर उभी राहिली, काळा झगा, काळे बूट, हातात डबा, आणि अख्खी फेरी बघत राहिली. ओनोरीन बाहेर आली तेव्हा मागच्या सगळ्याजणी वाळूत उभ्या राहून दोघींकडे बघत होत्या.

"मेलेल्यांना आज सुट्टी वाटतं?" झेलिया म्हणाली.

"त्यांच्याकडे आता जातेच आहे."

"मी म्हटलं, एवढी रोज लोरियाँला जाते, हिला कुणी दिसलं असेल. म्हणजे एखादं दर्शन वगैरे. फादरना सांगायचंही माझ्या मनात होतं."

"गुडघ्यासाठी येते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"गुडघ्याला काय झालंय?"

महिनाभर राखलेली गोष्ट ओनोरीननं स्वतःच ताटात वाढून दिली होती. झेलियानं ती घेतली, पण लगेच तोंडात टाकली नाही. तिनं मागच्या बायकांकडे पाहिलं.

"आणि या कोण?"

"त्यांचेही गुडघे आहेत."

"दिसतायत," झेलिया म्हणाली. "सगळंच दिसतंय."

शनिवारी सराव होता. मूर्तीऐवजी पालखीवर तांदळाची पोती ठेवून चौघी एकदा वरून खाली येतात, सणाच्या दिवशी काही वाकडं होऊ नये म्हणून. फादर प्रॉस्पेर देवळाच्या पायरीवर बसले होते. ते दूरच्या बेनिन देशाचे, पाच वर्षांत कोरोसोलच्या बायकांना न दुखावता कसं बोलायचं हे त्यांना बऱ्यापैकी जमलं होतं.

"ओनोरीन," ते म्हणाले, "तुम्ही सँ-झाँला मिरवणूक काढता असं ऐकलं."

"मी काढत नाही, फादर. मी चालते. त्या मागून येतात."

"आणि तुम्ही प्रार्थना करता?"

"बहुतेक वेळा."

फादरनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "त्या याटींवर मी दर नाताळला आमंत्रण पाठवतो. एकजणही आजवर आला नाही. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"मी काहीच सांगितलं नाही. यानिकनं सांगितलं, सांध्यांचा उपचार आहे."

"मी आमंत्रणात पापक्षमा सांगत होतो," फादर म्हणाले. "चुकलंच माझं."

"हसण्यावारी नेऊ नका, फादर," झेलिया म्हणाली. "हिचा गुडघा गेलाय. महिनाभर लपवतेय. उतारावर पालखी पडली तर काय करायचं?"

"गुडघा बरा झालाय," ओनोरीन म्हणाली, आणि तिथल्या तिथे, दगडावर, गुडघे टेकून उठून दाखवलं. कुरकुर झाली, पण ती वाऱ्यावर गेली. "उचला," ती म्हणाली.

चौघींनी पालखी उचलली. पुढचा उजवा दांडा ओनोरीनच्या खांद्यावर बसला, नेहमीच्या जागी. देवळासमोरच्या सपाटीवर सगळं सुरळीत होतं. ती मनात म्हणाली, बघ म्हणावं. मग उतार लागला. पाण्यात चालताना पाणी माणसाला धरतं. उतारावर कुणी धरत नाही, उलट मागचं सगळं वजन पुढच्या दोघींवर येतं. हे डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर गुडघा एकदा लचकला. तिनं दात आवळले.

तेवढ्यात तिनं खाली किनाऱ्याकडे पाहिलं. याटीची छोटी होडी कोरोसोलच्या वाळूला लागली होती आणि बिर्गिट तिच्या सगळ्या सोबतिणींसह उतरत होती. शनिवारी मी येणार नाही, गावात काम आहे, एवढंच ओनोरीन त्यांना बोलली होती. काम म्हणजे उपचाराचाच पुढचा भाग असं त्यांनी धरलं असणार. त्यांनी ओनोरीनला पालखीखाली पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे, एकामागे एक, गप्प, रांग धरून उभ्या राहिल्या. होड्यांवर बसलेले पुरुष उठून उभे राहिले. अनातोलनं टोपी काढली.

ओनोरीनची पाठ आपोआप ताठ झाली, आणि त्याच पावलाला गुडघा दुसऱ्यांदा लचकला. या वेळी पालखी तिच्या बाजूनं कलली. मागच्या दोघी ओरडल्या. वरचं पोतं घसरलं आणि कडेला येऊन थांबलं.

बाजूनं चालणारी झेलिया अगदी जवळ आली. ती मोठ्यानं बोलली नाही. तसं बोलायची संधी तिला जन्मात पुन्हा मिळाली नसती, पण ती बोलली नाही.

"ओनोरीन. पोतं आहे म्हणून बरं."

ओनोरीनला सगळं एकदम दिसलं. खालची ती रांग, टोपी हातात घेतलेला अनातोल, वरचं पोतं. पोत्याच्या जागी मरियामाता, निळा झगा, कडेला येऊन थांबलेली. किंवा न थांबलेली. आणखी दहा पावलं ती काढू शकली असती. कुणाला कळलंही नसतं. सणाच्या दिवशीही कदाचित निभावलं असतं. त्या 'कदाचित'वर मरियामातेला बसवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो ज्या बाईला महिनाभर मागच्या डोक्यांचा मोह सुटत नव्हता तिला सोडवायचा होता.

"थांबा," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, कारण पहिल्यांदा आवाज निघालाच नव्हता, "थांबा. झेलिया घेईल."

झेलिया दांड्याखाली शिरली. ती ओनोरीनपेक्षा हातभर बुटकी, त्यामुळे पालखी पुढून झुकली आणि झेलियाला टाचा उंचावून चालावं लागलं. ओनोरीन बाजूनं चालू लागली, रिकाम्या खांद्यानं. रिकामा खांदा इतका जड लागतो हे तिला माहीत नव्हतं. खाली बिर्गिटच्या रांगेला काय करावं कळेना. उपचारातली वडीलधारी बाई बाजूला झाली होती. शेवटी बिर्गिट झेलियाच्या मागे गेली, आणि मागोमाग सगळ्या. हेही ओनोरीनला लागलं. तिनं ते नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

वाळूवर पालखी टेकवल्यावर झेलिया खांदा चोळत उभी राहिली. तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गोष्ट मिळालेल्या माणसाच्या मानानं ती फारशी खूश दिसत नव्हती.

"दांडा टोचतो," ती म्हणाली.

"उतारावर टोचतोच. आईच्या खांद्याला खळगा पडला होता."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तुला कशाला सांगू?"

झेलियानं वाळूत बूट आपटून झटकले. "उतारावर मी घेते. वाळूवर तू घे. वाळूवर चालायची तुला सवय झालीय."

"वाळूवर म्हणजे शेवटचं?"

"शेवटचं. फोटो काढतात ते. मला माहीत आहे. पुन्हा विचारशील तर नाही म्हणेन."

ओनोरीननं पुन्हा विचारलं नाही. झेलियाचे उपकार मानायचे म्हणजे गुडघ्यापेक्षा कठीण, पण तिनं मानले. "बरं" एवढ्याच शब्दात. फादर प्रॉस्पेर बिर्गिटशी बोलून परत आले.

"त्या सणाला येतो म्हणतायत," ते म्हणाले. "मी हो म्हटलंय. फक्त कपड्यांचं तुम्ही सांगा, ओनोरीन. माझं त्या ऐकणार नाहीत."

"पायघोळ झगे आणि बाह्यांची पोलकी," ओनोरीन म्हणाली. "आणि पडदा घातलेली बाई आली तर कड्या काढून ये म्हणावं."

घरी अनातोल टेबलाशी बसून मासा सोलत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"थडगी छान दिसतायत म्हणे सँ-झाँची," तो म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत?"

"यानिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तुझ्या चपलांवर नजर ठेवायला मीच सांगितलं त्याला."

ओनोरीननं शिवणाची पेटी उघडली, जुन्या चादरीचा एक चौकोन कापला, दोन घड्या घालून आपल्या खांद्यावर धरला, मग थोडा खाली, झेलियाचा खांदा जिथे येईल तिथे. गादी जाड हवी होती, आणि घरातला कापूस नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर बर्फ म्हणून संपला होता. सोमवारी सकाळी तिला मागालीच्या गाडीतून गुस्ताव्हियाला जाऊन कापूस आणायचा होता.